कागदावरचं लाकूड

बँकेत अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर लोक दोनच कारणांनी फोन करतात. मुदत ठेवीला कुठं पाव टक्का जास्त मिळतो ते विचारायला, नाहीतर खातेदार गेल्यावर वारसांनी कुठले कागद जोडायचे ते विचारायला. मी चार कादंबऱ्याही लिहिल्या आहेत, पण त्यांच्याबद्दल काही विचारायला कुणी फोन केल्याचं स्मरत नाही. त्यामुळं गेल्या मार्चमध्ये वहिनींचा फोन आला तेव्हा मी वही जवळ ओढली आणि मृत्यूचा दाखला, नामनिर्देशन अशी यादी मनात जुळवू लागलो.

“कागद सगळे झाले, भाऊ,” त्या म्हणाल्या. “गिटार तेवढी राहिली. विकायची म्हणते. एक माणूस येऊन बघून गेला. तो विचारतो, पट्टीचं लाकूड कुठलं? आता मला काय ठाऊक! तुम्ही येऊन बघता का?”

गिटार पार्टनरची. पार्टनर हे काही त्याचं नाव नव्हे. तो शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ‘पार्टनर’ म्हणायचा, म्हणून आम्ही त्याचंच नाव पार्टनर ठेवलं. मूळचा गोव्याचा, राहायला वांद्र्याच्या एका जुन्या गावठाणात, कौलारू घरात. दिवसभर क्लिअरिंगमध्ये चेकांचे गठ्ठे उलगडायचा आणि शनिवारी रात्री लग्नांच्या पार्ट्यांत वाजवायचा. सोमवारी सकाळी त्याच्या डाव्या हाताच्या बोटांची टोकं काळी असायची. ती तारांची काळी. शाईची उजव्या हाताला.

१९८४ साली त्यानं ही गिटार घेतली. एका हॉटेलच्या बँडमधला वादक आखातात निघाला होता, त्याच्याकडून. अमेरिकन, फेंडर कंपनीची, स्ट्रॅटोकास्टर. “बासष्टची आहे, पार्टनर, बासष्टची!” असं तो मला जिन्यात धरून सांगत होता, आणि मला ते जिन्यातच का सांगत होता हे दोन मिनिटांनी कळलं. पतपेढीचं बारा हजारांचं कर्ज हवं होतं आणि जामीन हवा होता. अर्जावर कर्जाचं कारण लिहिलं होतं, ‘घरदुरुस्ती’. मी सही केली. माझ्या नोकरीतली ती पहिली सही, जी करताना कागदावर लिहिलेलं खरं नाही हे मला माहीत होतं. शेवटची मात्र नव्हे. त्याबद्दल पुढं.

तर मी वांद्र्याला गेलो. वहिनींनी पलंगाखालून पेटी ओढली. आत ती पिवळ्या-तांबड्या-काळ्या छटांची गिटार, कडेला रंग उडालेला, आणि दांडीवर ती पट्टी. वाचकांपैकी ज्यांच्या घरात गिटार नाही त्यांच्यासाठी सांगतो : सतारीला जसे पडदे असतात तशा गिटारलाही धातूच्या बारीक पट्ट्या बसवलेल्या असतात, फक्त त्या सरकत नाहीत. ज्या लाकडी पट्टीत त्या रुतवलेल्या असतात आणि जिच्यावर वादकाची बोटं आयुष्यभर घासतात, तो फ्रेटबोर्ड. पार्टनरच्या गिटारचा फ्रेटबोर्ड गडद तपकिरी होता. पहिल्या काही पडद्यांच्या मध्ये बोटांच्या दाबानं लाकडाला चक्क खळगे पडले होते. उंबरठा झिजतो तसे.

“तो माणूस म्हणाला, बासष्टची नाहीच ही,” वहिनी म्हणाल्या. “एका नजरेत म्हणाला.”

हे मला जरा लागलं. बारा हजार गेले म्हणून नव्हे, ते त्यानं हप्त्या-हप्त्यानं फेडले होते. पण चाळीस वर्षं तो माणूस बासष्टची म्हणून वाजवत होता.

घरी आलो आणि भाच्याला कामाला लावलं. पुढचे दोन महिने मी ज्या चिकाटीनं या विषयामागं लागलो ती बँकेच्या परीक्षांच्या वेळी दाखवली असती तर जनरल मॅनेजर होऊन निवृत्त झालो असतो.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वाद्य बनवण्याचा त्याचा विचार सुतारापेक्षा मेकॅनिकचा होता : दांडी वेगळी, धड वेगळं, चार स्क्रूंनी जोडलेलं, बिघडलं तर भाग बदला. सुरुवातीच्या त्याच्या गिटारींची दांडी आणि पट्टी एकाच मेपलच्या तुकड्याची असे. मेपल पांढुरकं लाकूड, त्यावर पॉलिश. वाजवून वाजवून पॉलिश उडे, उघड्या लाकडात घाम आणि मळ बसे, आणि पट्टी कळकट दिसे. १९५८ साली ‘जाझमास्टर’ या नव्या गिटारवर फेंडरनं मेपलच्या दांडीवर रोझवुडची वेगळी पट्टी चिकटवली, आणि १९५९पासून स्ट्रॅटोकास्टरलाही तीच मिळाली. गडद लाकूड मळकं दिसत नाही आणि त्याला पॉलिशही लागत नाही.

इथून साल ओळखायचा खेळ सुरू होतो. तो मला फार आवडला, कारण तो चेकवरच्या सहीची खातरजमा करण्यासारखा आहे. एका खुणेवर विसंबायचं नाही, चार खुणा एकमेकींना दुजोरा देतात का ते पाहायचं. १९५९ ते १९६२च्या मध्यापर्यंत रोझवुडची पट्टी जाड आणि खालून सपाट असे. मग ती पातळ झाली आणि दांडीच्या गोलाव्यावर वाकवून बसवली जाऊ लागली. दांडी सोडवून टोकाकडून पाहिलं की पहिल्या प्रकारात दोन लाकडांमधली रेघ सरळ दिसते, दुसऱ्यात कमानीसारखी. पट्टीवरचे गोल ठिपके १९६४पर्यंत मातकट रंगाचे, नंतर शिंपल्यासारखे चकाकणारे. जानेवारी १९६५मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या बड्या कंपनीनं विकत घेतली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस स्ट्रॅटोकास्टरचं डोकं, म्हणजे खुंट्या असतात तो भाग, मोठं झालं. धडामागच्या पत्र्यावर मोठं ‘एफ’ अक्षर आलं.

पार्टनरच्या गिटारचं डोकं मोठं होतं. ठिपके चकाकत होते. पत्र्यावर ‘एफ’ होतं. बासष्ट साल तिथंच संपलं. येऊन गेलेल्या माणसाला एका नजरेत कळलं ते हेच. उरला प्रश्न पट्टीच्या लाकडाचा, आणि तो माणूस त्यावर उगाच अडून बसला नव्हता.

रोझवुड हे एका झाडाचं नाव नाही. डालबर्जिया नावाच्या मोठ्या कुळातल्या अनेक झाडांच्या लाकडाला व्यापारात रोझवुड म्हणतात, कारण ताजं कापलं की त्यातल्या काहींना गोडसर, फुलासारखा वास येतो. गिटारवाल्यांचं लाडकं डालबर्जिया नायग्रा, म्हणजे ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या जंगलातलं झाड. तिकडं त्याला बाहियाचं जाकरांदा म्हणतात. हे लाकूड इतकं कापलं गेलं की साठच्या दशकात चांगले ओंडके मिळणं कठीण झालं. मार्टिन ही अमेरिकेतली जुनी आणि नामांकित गिटार कंपनी. तिनं १९६९ साली ब्राझीलचं लाकूड सोडून दुसरं धरलं. फेंडरकडं तो बदल त्याआधीच, साठच्या दशकाच्या मध्यावर झाला, पण एका दिवसात नव्हे. ढिगातलं जुनं संपत होतं, नवं येत होतं.

हे नवं लाकूड म्हणजे डालबर्जिया लॅटिफोलिया. आपला शिसव.

वाचून मी भिंतीकडेच्या पलंगाकडं पाहिलं. आजीचा शिसवी पलंग. आपल्याकडं ‘शिसवासारखा काळा’ म्हणतात तो हा शिसव, सह्याद्रीत आणि खाली कूर्ग-मलबारपर्यंत वाढणारा. एकोणिसाव्या शतकात ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावानं मुंबईचं कोरीव फर्निचर साहेबांच्या बंगल्यांत गेलं, ते याच लाकडाचं. आणि नावांचा घोळ इथंही आहेच. उत्तरेत ज्याला शीशम म्हणतात तो डालबर्जिया सिस्सू, नदीकाठी वाढणारा निराळा भाऊ. आपल्या बाजारात दोघांनाही सर्रास शिसम म्हणतात आणि गिऱ्हाईक बिचारं मान डोलावतं.

आता हा फरक पैशाचा कसा, ते सांगतो. धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दल ‘साइटिस’ नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. १९९२ साली ब्राझीलचं रोझवुड त्याच्या पहिल्या परिशिष्टात गेलं. म्हणजे वाघाच्या रांगेत. तेव्हापासून त्या लाकडाची वस्तू देशाबाहेर न्यायची तर ते लाकूड बंदीपूर्वीचं असल्याचा दाखला हवा. मिळेनासं झालं म्हणून त्याचा मानही वाढला आणि किंमतही. २ जानेवारी २०१७पासून डालबर्जियाचं उरलेलं सगळं कूळ दुसऱ्या परिशिष्टात आलं, आणि जगभरच्या वादकांना गिटार घेऊन विमानात बसायची धास्ती वाटू लागली. शेवटी २६ नोव्हेंबर २०१९पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ही सूट शिसवाला आहे. ब्राझीलच्या लाकडाला नाही.

म्हणजे पार्टनरच्या गिटारवरची ती काही मिलिमीटर जाडीची कमान ब्राझीलची असेल तर किंमत जास्त पण वाट बिकट, आणि शिसवी असेल तर वाट मोकळी पण किंमत कमी. मध्यस्थानं वहिनींना यावर तोडगा सुचवला होता.

“तो म्हणतो, विकताना ब्राझिलियन म्हणू आणि पाठवताना इंडियन लिहू,” वहिनींनी सांगितलं. “गिऱ्हाईक बाहेरचं आहे म्हणे. दोन्हीकडून फायदा. मी फक्त सही करायची. भाऊ, असं करतात का?”

करतात का? मी चहाचा कप खाली ठेवला आणि मला मंगळूर आठवलं.

१९९२ ते ९५ मी मंगळूरच्या शाखेत परदेशी व्यवहाराच्या टेबलावर होतो. काजू, कॉफी, मासळी, कौलं. निर्यातदार माल जहाजावर चढवायचा आणि कागदांचा गठ्ठा आमच्याकडं आणायचा. लेटर ऑफ क्रेडिटमध्ये जे लिहिलं असेल ते इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग यांच्याशी अक्षरन् अक्षर जुळलं की पैसे मोकळे. आंतरराष्ट्रीय नियमच आहे, प्रशिक्षणात पहिल्या दिवशी घोकून घेतात : बँक कागदांशी व्यवहार करते, मालाशी नाही. पोत्यात काजू आहे की खडे, हे पाहणं आमचं काम नव्हे. नियम योग्यच आहे, नाहीतर बँकेला गोदीत दुकान थाटावं लागेल.

त्या गठ्ठ्यांत कधी कधी एक नाव येई : ‘इंडियन रोझवुड फिंगरबोर्ड’. अमुक नग, अमुक लांबी, रुंदी, जाडी. फिंगरबोर्ड म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. बोटांचे ठसे घ्यायची काहीतरी फळी असावी, अमेरिकेतल्या पोलिसांना लागत असेल, अशी माझी समजूत होती आणि ती मी कधी तपासून पाहिली नाही. एकदा मात्र मी हुशारी दाखवली. इन्व्हॉइसवर जाडी नऊ मिलिमीटर होती आणि पॅकिंग लिस्टवर दहा. मी लाल पेन्सिलीनं गोल काढून गठ्ठा परत केला. निर्यातदाराचा माणूस खाली टायपिंगच्या दुकानात गेला आणि अर्ध्या तासात नवी पॅकिंग लिस्ट घेऊन आला. दोन्हीकडं नऊ. मी सही केली. चूक पकडल्याबद्दल मॅनेजरांनी शाबासकीही दिली.

त्या अर्ध्या तासात लाकूड एक मिलिमीटरनं पातळ झालं नव्हतं. ते जहाजात होतं आणि जितकं जाड होतं तितकंच जाड राहिलं. पण हा विचार मला तीस वर्षांनी, वहिनींच्या स्वयंपाकघरात सुचला.

तसं पाहिलं तर एका मिलिमीटरचं महत्त्व जगाला पुढं कळलंच. गिब्सन ही फेंडरची जुनी प्रतिस्पर्धी कंपनी. २४ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकन सरकारच्या सशस्त्र अधिकाऱ्यांनी तिच्या नॅशव्हिल आणि मेम्फिसच्या कारखान्यांवर धाड घातली. दोन वर्षांपूर्वीही एक धाड पडली होती, ती मादागास्करच्या एबनीसाठी. या वेळी शोधत होते भारतातून आलेल्या एबनी आणि रोझवुडच्या पट्ट्या, फिंगरबोर्डसाठी कापलेल्या. अमेरिकेचा लेसी कायदा २००८ साली विस्तारला होता. दुसऱ्या देशाचा कायदा मोडून तोडलेलं किंवा पाठवलेलं लाकूड अमेरिकेत आणणं हा त्यानुसार गुन्हा. आता भारताचं धोरण असं, की या जातींचं नुसतं चिरलेलं लाकूड बाहेर पाठवायला मनाई, पण वाद्याचा तयार भाग पाठवायला हरकत नाही. मग फिंगरबोर्डसाठी कापलेली पण पडद्यांच्या खाचा न पाडलेली पट्टी म्हणजे चिरलेलं लाकूड की वाद्याचा भाग? जकातीच्या कोष्टकात चिरलेल्या लाकडाचा क्रमांक ४४०७, सहा मिलिमीटरपर्यंतच्या पातळ पत्र्याचा ४४०८, आणि वाद्यांच्या भागांचा ९२०९. एकाच पट्टीला तिघांपैकी कुठलाही बिल्ला लावता येतो, आणि कुठला लावला त्यावर ती माल आहे की मुद्देमाल हे ठरतं.

६ ऑगस्ट २०१२ रोजी समझोता झाला. गिब्सननं तीन लाख डॉलर दंड भरला, पन्नास हजार डॉलर वन्यजीव संस्थेला दिले आणि जप्त झालेल्या मादागास्करच्या एबनीवर पाणी सोडलं. भारताच्या लाकडाबाबत मात्र वर्गीकरणात गोंधळ आहे हे दोन्ही पक्षांनी मान्य केलं आणि तो मुद्दा बाजूला पडला. माझ्या लाल पेन्सिलीला हे सगळं वाचून जरा लाज वाटली.

मी वहिनींना म्हटलं, “करतात. पण आपण आधी लाकूड पाहू.”

वांद्र्यातच एक कारागीर आहे. गिटारी दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा, वडलांपासूनचा. त्याच्या खोलीत भिंतीला दांड्या टांगलेल्या, खाली भुसा. त्यानं पहिल्यांदा एक निळसर दिवा लावला आणि खोली अंधारली. मी हसलो. असाच दिवा आमच्या कॅशियरच्या टेबलाखाली असायचा, खोट्या नोटा आणि ड्राफ्टांवरची खाडाखोड पाहायला. इथं जुनं लॅकर त्या उजेडात फिकट पिवळट-हिरवं चमकतं आणि नंतर केलेली रंगरंगोटी वेगळी उमटते. पार्टनरच्या गिटारवर डाग नव्हता. मग त्यानं चार स्क्रू काढून दांडी धडापासून अलग केली. टाचेवर शाईचा शिक्का होता. महिना, ६६ साल, आणि शेवटी दांडीची रुंदी सांगणारं एक इंग्रजी अक्षर. आतल्या व्हॉल्यूमच्या बटणाखाली नंबर होता, त्यातून ६६ सालचा आठवडा निघत होता. पण त्यावर तो विसंबला नाही. फेंडरनं ते भाग ६६ साली एवढे घेऊन ठेवले होते, की पुढं दोन-तीन वर्षं तेच वापरले. “हा नंबर फक्त सांगतो की गिटार याच्या आधीची नाही. शिक्का बोलला म्हणून ठीक.” अशी माणसं बँकेत हवी होती.

सहासष्ट. म्हणजे नेमकं सरमिसळीच्या काळातलं. तारखेवरून लाकूड ठरणार नव्हतं.

त्यानं लायटरमधलं पेट्रोल फडक्यावर घेऊन पट्टी पुसली. चाळीस वर्षांचा मळ फडक्यावर आला आणि ओलं लाकूड उजळलं. तपकिरी, पण कडेला जांभळट झाक. रेषा सरळ, शिस्तीत एकमेकींच्या शेजारी. त्यानं खणातून दोन तुकडे काढले. एक मोडलेल्या जुन्या गिटारचा, ब्राझीलचा. तांबूस-नारिंगी अंगाचा, त्यावर शाई सांडून पसरावी तशा वाकड्या काळ्या रेघा. दुसरा आपल्या शिसवाचा. “पण रंगावर जाऊ नका,” तो म्हणाला. “रंग फसवतो. शिसवही कधी काळा निघतो, आणि ब्राझीलचंही कधी साधं, सरळ रेषेचं असतं.” वजनावरही जाता येत नाही, दोन्ही जवळपास सारखीच जड. वास घासल्याशिवाय येत नाही. त्यानं माझ्या हातात दहापट मोठं दाखवणारं भिंग दिलं आणि पट्टीचं टोक, एकविसाव्या पडद्याच्या पलीकडचं, उजेडाकडं धरलं.

लाकूड आडवं कापलं की त्यात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची तोंडं दिसतात, टाचणीनं टोचल्यासारखी. ब्राझीलच्या तुकड्यावर ती विरळ होती, अंतराअंतरानं. शिसवाच्या तुकड्यावर दाट, लहानमोठी मिसळलेली. मग पार्टनरची पट्टी. कमानीएवढीच जागा, आणि तिथं मी टोचे मोजू लागलो. मोजदाद दोनदा केली, जुन्या सवयीनं.

दाट होते.

“माझा डोळा शिसव सांगतो,” कारागीर म्हणाला. “पण कोर्टात मला बोलावू नका.”

कोर्टात बोलावण्यासारखी माणसंही आहेत. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या मॅडिसन इथं सरकारी लाकूड प्रयोगशाळा आहे. तिथल्या आर्थर कोहलरनं १९३५ साली लिंडबर्गच्या मुलाच्या अपहरण-खुनाच्या खटल्यात शिडीचं लाकूड आरोपीच्या माळ्यावरच्या फळीशी जुळवून दाखवलं होतं. (कादंबरीत मी हे लिहिलं असतं तर समीक्षकांनी अतिरंजित म्हटलं असतं.) अलीकडं ऑरेगन राज्यात ॲशलंडच्या वन्यजीव प्रयोगशाळेत लाकडाची बारीकशी शिलक यंत्रापुढं धरून त्यातल्या रसायनांच्या वजनांवरून जात ओळखतात, आणि ब्राझीलचं रोझवुड त्याच्या भाईबंदांतून वेगळं काढतात. पण शिलक काढावी लागते. मी वहिनींना विचारलं. त्यांनी पट्टीवरच्या खळग्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “नको. नखाएवढीही नको.”

मी त्यांना आवाजाबद्दलही सांगून पाहिलं. इंग्लंडात लँकेस्टर विद्यापीठाच्या मंडळींनी सहा गिटारी बनवून घेतल्या होत्या, पाठीचं आणि बाजूचं लाकूड तेवढं वेगळं. एक ब्राझीलच्या रोझवुडची, एक शिसवाची. बावन्न वादकांना त्या दिसू न देता वाजवायला दिल्या, आणि कुणाला धड फरक सांगता आला नाही. २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. त्या साध्या गिटारी होत्या, विजेच्या नव्हेत, आणि पट्टीचा प्रश्नही तिथं नव्हता. तरी मला वाटलं, वहिनींना बरं वाटेल. त्यांनी ऐकून घेतलं. “त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, त्यांना वाजवता येत नव्हतं,” एवढंच म्हणाल्या.

त्या रात्री मी कारागिराकडून उसनं आणलेलं भिंग घेऊन आजीच्या पलंगाशी बसलो. पायाच्या खालच्या टोकाला लाकडाचं आडवं अंग उघडं आहे. बायकोनं विचारलं, वाळवी लागली का? मी म्हटलं, नाही, ओळख पटवतोय. दाट टोचे, लहानमोठे. तसेच. दोन्ही झाडं एका डोंगरात वाढली असतील असं म्हणणं कादंबरीकाराला शोभेल, पण शिसवाचा मुलूख मोठा आहे. इतकं मात्र खरं, की आपल्याकडचं एक झाड बोटीनं कॅलिफोर्नियाला गेलं, तिथं पट्टी झालं, आणि एका हॉटेलच्या बँडमार्फत वांद्र्याला परत आलं. कुठल्यातरी बँकेत कुणीतरी त्याच्या कागदांवर न बघता सही केलेली असणार. १९६६ साली मी शाळेत होतो, त्यामुळं ती सही तरी माझी नव्हे.

मध्यस्थाला मी फोन केला आणि शिसव आहे म्हणून सांगितलं. तो समजूतदारपणे हसला. “अंकल, तुम्ही लिहून कशाला देता? ‘रोझवुड’ लिहा फक्त. खोटं नाही ना ते?” खोटं नाही. माझ्या तीन वर्षांतल्या मंगळूरच्या कागदांमध्येही काहीच खोटं नव्हतं.

वहिनींना मी आकडे सांगितले. ब्राझिलियन म्हटलं तर किती, नुसतं रोझवुड म्हटलं तर किती, आणि शिसव लिहिलं तर किती. त्यांना पैशांची गरज आहे. घराची कौलं यंदा बदलायलाच हवीत. मी रॉरी गॅलाघरची हकिगतही सांगितली. आयर्लंडचा हा वादक. १९६३ साली कॉर्कच्या दुकानातून त्यानं १९६१ची स्ट्रॅटोकास्टर सुमारे शंभर पौंडांना हप्त्यांवर घेतली आणि मरेपर्यंत वाजवली. घामानं तिचा रंग उडून गेला होता. २०२४ साली लंडनच्या लिलावात ती आठ लाख पौंडांहून जास्तीला गेली.

“हप्त्यांवर,” वहिनी म्हणाल्या. मग थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. “मला ठाऊक होतं हां, भाऊ. घरदुरुस्ती. पतपेढीचा कागद त्याच्या शर्टाच्या खिशात मिळाला होता धुताना. खाली तुमची सही. तीन पावसाळे मी पातेली लावली त्या कोपऱ्यात.” त्यांनी वर बोट दाखवलं. “मी काय बोलले नाही. वाजवायचा चांगला.”

मला काय बोलावं ते सुचेना. चाळीस वर्षं मी त्या घरात नाताळचा केक खाल्ला होता.

“खरं ते लिहा,” त्या म्हणाल्या. “मुलगी डिसेंबरात येते. तिला हवी तर नेऊ दे. नको म्हणाली तर तुमच्या त्या कारागिराला विकू, जी येईल ती किंमत.”

मी कोरा कागद मागितला. ‘स्ट्रॅटोकास्टर. दांडी १९६६, टाचेवरील शिक्क्यानुसार. फ्रेटबोर्ड शिसवी, डालबर्जिया लॅटिफोलिया. भिंगातून, डोळ्यांनी तपासून, प्रयोगशाळेत नव्हे.’ खाली सही केली, तारीख घातली. वहिनींनी कागद वाचला, घडी घातली आणि पेटीत, तारांच्या खाली सरकवला.

“आणि बासष्ट?” त्यांनी विचारलं.

“ते मुलीला सांगू नका एवढ्यात,” मी म्हटलं.

“छे,” वहिनी पेटीच्या कड्या लावत म्हणाल्या. “तिला तर ते केव्हापासून ठाऊक आहे.”